बापाच्या खटल्याची नक्कल

दादा, तू गेल्यावर तुझं पुण्यानुमोदन झालं त्या दुपारी माणसं एकेक करून माझ्याजवळ येऊन बसत होती. मला वाटलं, आता सांत्वन करतील, तू किती चांगला होतास ते सांगतील. गजाननभाऊ आले, त्यांनी दस्तीनं तोंड पुसलं आणि विचारलं, "बाई, आता आमचे लिफाफे कुठं फोडाचे?" भर मांडवात मला हसू फुटलं. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं आणि तीही पदर तोंडाला लावून हसली. मग आम्ही दोघी रडलो. तुला हे सगळं आवडलं असतं, रडणं सोडून.

त्यांचा प्रश्न मात्र खरा होता. तू गेलास तेव्हा गावातल्या कितीतरी लोकांची उत्तरं यायची होती. कुणी माहिती अधिकारात तहसीलमधून कागद मागितला होता, कुणी पंचायत समितीतून, कुणाचं प्रथम अपील चालू होतं. पोस्टमन लिफाफे आणून देतोच आहे. माणसं ते तसेच न फोडता घरी फळीवर ठेवताहेत आणि वाट पाहताहेत. कशाची, ते त्यांनाही सांगता येत नाही. एका रिटायर पोस्टमास्तरानं धामणगाव बढ्याच्या पुढच्या एवढ्याशा गावाला ही कसली सवय लावून ठेवली म्हणायची.

नियम तुझाच होता. ज्याला अर्ज लिहायला तुझी मदत पाहिजे, त्यानं आलेलं उत्तर घरी फोडायचं नाही. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, लोक शेतातून परतले की, सगळ्यांसमोर फोडायचं आणि पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत मोठ्यानं वाचायचं. आपल्या बाजूनं असो की आपल्यावर उलटलेलं असो. वाचता येत नसेल तर दुसऱ्यानं वाचायचं, पण ओळ गाळायची नाही. ही अट मान्य नसेल तर तू सरळ हात जोडायचास. मी एकदा विचारलं होतं, हे कशाला? तू म्हणालास, "मी जनमभर लोकायचे लिफाफे वाटले, इंदे. सोयीचा कागद मानूस खिशात घालून हिंडते आन् गैरसोयीचा चुलीत घालते. मंग कागद मागून फायदा काय?"

अर्ज शिकवण्याची तुझी तऱ्हा मी सुट्टीत आले की पाहायचे. गावातली शोभा आली होती ती आठवते. अंगणवाडीची खोली कागदावर पूर्ण झालेली आणि जागेवर नुसत्या भिंती. बिचारीनं पानंच्या पानं भरून आणली होती. त्यात सरपंच होता, ठेकेदार होता, पावसात भिजणारी लेकरं होती, देवाधर्माची शपथ होती. तू चष्मा लावून सगळं वाचलंस आणि एकेक ओळ खोडत गेलास. तिचे डोळे भरले. "गाऱ्हानं नको, बाई. कागद माग," तू म्हणालास. "खोली काऊन बांधली नाई, असं इचारलं तं उत्तर येत नाई. मंजुरीच्या आदेशाची प्रत माग. मोजमाप पुस्तिकेची प्रत माग. बिलाची प्रत माग. कागद असंल तं देतीन, नसंल तं नाई म्हनून लिहून देतीन. दोन्ही आपल्या कामाचं." आणि मग तिच्याच हातानं, तिच्याच अक्षरात, पुन्हा लिहायला लावलंस. अर्ध्या पानात मावलं. कोर्ट फीचं तिकीट चिकटवून ती गेली तेव्हा तिची मान आली तेव्हापेक्षा ताठ होती, एवढं मी शपथेवर सांगते.

आणि हेच गजाननभाऊ. ई-क्लासच्या सरकारी जमिनीवर कुणाकुणाचं अतिक्रमण आहे त्याची यादी त्यांनी मागितली, शेजाऱ्याचं नाव उघडं पाडायला. उत्तर आलं, ओट्यावर लिफाफा फुटला, आणि शेजाऱ्याच्या आधी यांचंच नाव निघालं. गुरांचा गोठा निम्मा सरकारी जमिनीत. त्यांनी कागद घडी करायला घेतला तर तू म्हणालास, "गजानन, पुरं वाच बे." त्यांनी वाचलं. लोक पोट धरून हसले. दुसऱ्याच्या ताटातलं मुसळ पाहायला गेले आणि आपल्याच डोळ्यातलं निघालं, असं वहिनी अजून म्हणते. म्हणी मोडून तोडून वापरायची तिची सवय तुला ठाऊकच आहे. पण त्या उन्हाळ्यात गजाननभाऊंनी गोठा मागं सरकवला, हेही खरं.

मी खामगावात इंग्रजी शिकवण्यात जन्म घालवला. उत्तरपत्रिका तपासताना मुलं चुकलेलं पान कसं लपवतात ते मला पाठ आहे. म्हणून तुझ्या ओट्यावर मोठी माणसं स्वतःच्या विरुद्धचं मोठ्यानं वाचताना पाहिली की मी थक्क व्हायचे. तुला तसं कधी म्हणाले नाही. तुला म्हणायचे, "दादा, तुह्या कोर्टात आरोपीच शिरस्तेदार, आपला कागद आपनच वाचते." तू हसायचास.

आता बाबांचं.

आपले बाबा गावातल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामावर राखण करायचे. दिवाळीच्या आधी गोदामातून भुईमुगाच्या शेंगांची पोती गेली. पोलीस बाबांना घेऊन गेले, खटला चालला, आणि बाबा सुटून घरी आले. गावानं त्यांना नेलेलं पाहिलं. सुटलेलं कुणी पाहिलं नाही, किंवा पाहिलं तरी लक्षात ठेवलं नाही. तू तेव्हा शाळेत जात होतास, मी आईचं बोट सोडत नव्हते. बाबा त्यावर पुन्हा अवाक्षर बोलले नाहीत. थोड्याच वर्षांत गेले, आणि मागं आपल्याला ते दोन शब्द ठेवून गेले, "चोराची पोरं." तुला पोस्टात घेतलं तेव्हा पारावर कुणीतरी म्हणालं होतं, आता चोराच्या घरी किल्ली दिली. तू ते मला हसत सांगितलंस, पण किती वर्षं झाली तरी सांगत राहिलास, त्यावरून कळायचं किती लागलं होतं ते.

तुझ्या मनात एकच होतं. बाबांना कोर्टानं सोडलं, तर काय म्हणून सोडलं? ते कुठंतरी लिहिलेलं असेल. तो कागद पाहिजे. रिटायर झाल्यावर, साऱ्या गावाचे अर्ज लिहून झाल्यावर, एक दिवस तुझा फोन आला. "लोकायचे कागद मागता मागता ध्यानात आलं, आपलाबी एक कागद हाये."

मी कडाडले. "काऊन उकरतो, दादा? लोकं इसरून राह्यले. तुह्या नातवायले मालूमबी नाई. कशाले?"

"इसरले नाई. बोलत नाई एवढंच."

"आन् उलटं निघालं तं?"

"निघू दे," तू म्हणालास आणि वहिनीच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागलास.

मग तू ती चूक केलीस, जिच्यावरून मी तुला पुढं कितीदा चिडवलं. साऱ्या तालुक्याला अर्ज शिकवणारा माणूस, आणि तू कोर्टाच्या निकालासाठीही माहिती अधिकाराचाच अर्ज धाडलास. तहसीलदार काय नि न्यायाधीश काय, तुला एकच किल्ली ठाऊक. उत्तर आलं, ते तू नियमाप्रमाणं ओट्यावर फोडलंस. लिहिलं होतं की, खटल्यांच्या कागदांसाठी कोर्टाचे स्वतःचे नियम आहेत, प्रमाणित प्रतीसाठी नक्कल विभागाकडं अर्ज करावा. तू ते सहीपर्यंत वाचलंस आणि म्हणालास, "घ्या. मास्तर नापास." तुझ्यावर हसायची गावाला मिळालेली ती पहिलीच संधी, त्यांनी ती सोडली नाही.

माहितीच्या अर्जात कारण कुणी विचारत नाही, तुझं ते आवडतं वाक्य होतं. "सरकारले काऊन म्हनायचा हक्क नाई." पण कोर्ट विचारतं. तुम्ही खटल्यातले पक्षकार नसाल तर तुम्ही कोण, नक्कल कशाला पाहिजे, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं. बुलढाण्याला कोर्टाच्या आवारात, बाभळीखाली बसून तू ते लिहिलंस. नातं या शब्दापुढं तू लिहिलंस, आरोपीचा मुलगा. फोनवर मला म्हणालास, "इंदे, लोकं म्हनत तवा मी मारामाऱ्या केल्या. आज मीच लिहून आलो." मी फोन पदरात धरला. तुला वाटलं, लाइन गेली.

खटल्याचा नंबर तुझ्याजवळ नव्हता, सालही अंदाजानं. तिथल्या एका बाईंनी जुनं रजिस्टर काढून बाबांचं नाव शोधलं. त्यांनी तुला रेकॉर्ड रूमच्या दारापर्यंत येऊ दिलं होतं. आत फडक्यात बांधलेले गठ्ठे, जमिनीपासून छपरापर्यंत. तू कधी असा बोलत नाहीस, पण त्या दिवशी बोललास. "इतले लोक, इंदे. कोनाची जमीन, कोनाचा खून, कोनाची सोडचिठ्ठी. सारे गप बसून राह्यले. आन् त्याच्यात आपला बाप हाये. मी चप्पल काढून उभा राह्यलो." त्या बाईंनी सांगितलं, साक्षी-पुराव्याचे कागद नियमाप्रमाणं मुदत संपल्यावर नष्ट झालेत, निकाल मात्र जपून ठेवतात. निकाल मिळेल.

निकाल मिळाला तो इंग्रजीत. आणि तू काय केलंस, तर न वाचता त्याची घडी घातलीस, एका लिफाफ्यात घातलीस आणि खळ लावून तो स्वतःच बंद केलास. म्हणे ओट्यावर फोडायचा नियम आहे, आणि लिफाफाच नसेल तर फोडायचं काय? वहिनी म्हणाली, मी हे ध्यान पंचेचाळीस वर्षं सांभाळलं. मग तुझा मला फोन. "ये. तुले वाचाचं हाये. इंग्रजीत वाच आन् मराठीत सांग."

मी आले. मोताळ्याला बस बदलताना वाटत होतं, परत फिरावं. घरी पाय धुताधुता तुला म्हटलं, आधी आपण दोघं आत बसून वाचू, मग पाहू. तू मला चहाही पिऊ दिला नाहीस.

ओट्यावर एवढी माणसं मी तिथं कधी पाहिली नव्हती. शोभा होती, गजाननभाऊ होते. आणि कडेला त्या व्यापाऱ्याचा मुलगा नंदकिशोर, आता तोही म्हातारा, खुर्ची घेऊन बसलेला. तू त्याला स्वतः जाऊन बोलावून आणलं होतंस, हे मला नंतर कळलं.

मी वाचायला लागले. आधी फिर्याद. मग साक्षी. कुलूप तोडलेलं नव्हतं. पोती नेताना कुणी पाहिलं नव्हतं. आरोपीच्या घरामागं शेंगांची टरफलं सापडली होती, पण न्यायाधीशांनी लिहिलं होतं की या दिवसांत या भागातल्या घरोघरी टरफलं सापडतील. मग आरोपीचा जबाब. दादा, तिथं मी थांबले, कारण बाबा बोलले. ज्या माणसाचा या विषयावरचा एकही शब्द आपल्याला माहीत नव्हता, त्याचं वाक्य एका परक्या न्यायाधीशानं परक्या भाषेत जपून ठेवलं होतं. "कुलूप मी लावलं होतं. पुढचं मला माहीत नाही." मी ते मराठीत म्हटलं तेव्हा माझा आवाज मलाच बाबांसारखा वाटला. तू डोळे मिटून घेतलेस.

आणि पुढचं पान. मी नजर पुढं टाकली आणि ते मनातल्या मनात दोनदा वाचलं. मला जे हवं होतं, तुला जे हवं होतं असं मी धरून चालले होते, ते तिथं नव्हतं. निर्दोष हा शब्द नव्हता. मी मराठीत काहीही सांगू शकले असते. सुटका झाली, सन्मानानं झाली. माझ्याशिवाय त्या पानावर काय आहे हे तिथं बसलेल्यांपैकी कुणालाही कळलं नसतं. मी तुझ्याकडं पाहिलं. तुला माझ्या चेहऱ्यावरून सगळं समजलं होतं.

"वाच, इंदे."

"दादा, उरलेलं घरी..."

"ओळ गाळाची नाई. वाच."

मी वाचलं. आरोपीचं वागणं संशयास्पद आहे. चोरीची खबर त्यानं उशिरा दिली, त्याचं समाधानकारक कारण तो सांगू शकला नाही. मात्र संशय कितीही दाट असला तरी तो पुरावा होत नाही. म्हणून संशयाचा फायदा देऊन आरोपीची मुक्तता. खाली सही.

तू उठलास, माझ्या हातातून नक्कल घेतलीस आणि सगळ्यांना म्हणालास, "एवढंच हाये. आमच्या बापानं चोरी केली, असं लिहिलं नाई. केली नाई, असंबी लिहिलं नाई. ज्याले पाह्याचं त्यानं घरी येऊन पाह्यजो."

नंदकिशोर खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत बसला होता. मग तुला म्हणाला, "उत्तमभाऊ, आमच्या घरीबी पक्कं कोनालेच मालूम नव्हतं. पन बोलत सारेच होते." आणि तो उठून गेला. जाताना तुझ्या पाठीवर हात ठेवला, की नुसता आधार घेतला, ते मला नीट दिसलं नाही.

घरी आल्यावर मी तुझ्याशी जे भांडले, तसं आपण लहानपणीही भांडलो नव्हतो. मी म्हटलं, काल अफवा होती, आज तू त्यावर कोर्टाचा शिक्का मारून आणलास. चार माणसांत बापाला उभं केलंस. तू म्हणालास, "शोभाले वाचाले लावलं, गजाननले लावलं. आपल्यावर आलं तं दार लावून घेऊ?" मी म्हटलं, हो, लावून घ्यायचं, बाप आपला होता. तू म्हणालास, "म्हनूनच." ते भांडण मिटलं नाही. फोनवर हवापाणी चालायचं, मध्येच मी ते काढायचे, मध्येच तू. मी अजूनही म्हणते की तू ते घरात वाचायला हवं होतंस. आता तू उत्तर देत नाहीस म्हणून मी जिंकले, असं समजू नकोस.

पण एक गोष्ट मी त्या भांडणात कधी काढली नव्हती. ती मी तुला तुझ्या शेवटच्या आजारात, बुलढाण्याच्या दवाखान्यात सांगितली, एका दुपारी, वहिनी डबा धुवायला गेली होती तेव्हा. ऊन तुझ्या पायांवर आलं होतं. मी म्हटलं, दादा, मला एक आठवतं. बाबांना नेलं त्याच्या आधी काही दिवस आई दार लावून शेंगा भाजायची. भरपूर. आपल्याला पोटभर द्यायची आणि म्हणायची, बाहेर सांगू नका. मी फार लहान होते, खरंच आठवतं की नंतर मनानंच रचलं, मला सांगता येत नाही. त्या सरव्याच्याही असतील. काढणी झालेल्या वावरात राहिलेल्या शेंगा वेचायला आई जायचीच. पण सरव्याच्या शेंगा दार लावून कशाला भाजायच्या? हे मी जन्मभर कुणाला बोलले नाही. ओट्यावर टरफलांचं वाक्य वाचताना मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं होतं.

तू वर छताकडं पाहत होतास. मग तू म्हणालास, "टरफलं मीच फेकून आल्तो, घरामागं. आईनं सांगतलं होतं, खड्ड्यात पूर. मी आळस केला."

"मंग त्या शेंगा..."

"मले नाई मालूम, इंदे. आईले इचाराची हिंमत झाली नाई. बाबाले तं नाईच."

वहिनी आली आणि आपण डब्याबद्दल बोलायला लागलो. त्यानंतर तू फारसं बोललाच नाहीस.

म्हणजे तुला टरफलांचं माहीत होतं, दादा. तू बाबांना निर्दोष ठरवायला गेलाच नव्हतास. मी इतकी वर्षं समजत होते की तू खात्रीनं गेलास आणि फसलास, म्हणून मी चिडत होते. तू खात्री नसताना गेलास. त्या बाभळीखाली बसून आरोपीचा मुलगा असं लिहिलंस तेव्हा ती टरफलं तुझ्या हातात होती. लिफाफ्याला खळ लावलीस तेव्हा होती. नंदकिशोरच्या दारी जाऊन ये म्हणालास तेव्हाही होती. आत काय निघेल ते माहीत नसताना तू सारं गाव गोळा केलंस. असं धाडस मी कोणत्या पुस्तकात शिकवलं नाही आणि कोणत्या माणसात पाहिलं नाही.

आणि एक गोष्ट तर मला काल, खामगावला परतताना, बसमध्ये सुचली. गावात इंग्रजी वाचणारे काय कमी होते? शोभाचा मुलगा आता वकिली करतो. नंदकिशोरची सून शिकलेली आहे. हेडमास्तर तर ओट्यासमोरच राहतात. तू मला खामगावहून बोलावलंस. त्या शेंगा खाल्लेल्या माणसांपैकी आपण दोघंच उरलो होतो, आणि तुला ते एकट्यानं ऐकायचं नव्हतं.